शोवे गुहेतील मानवी वावराचा कालपट : काम करताना ठेवलेल्या नोंदी

३ जून २०२४

आमच्या इतिहासप्रेमी गटाने पावसाळ्यानंतरच्या प्रदर्शनासाठी पुराश्मयुगावर फलक तयार करायचे ठरवले असून त्यांपैकी फ्रान्समधील शोवे गुहेच्या कालपटाचे काम माझ्याकडे आले आहे. प्रकाशित झालेल्या कार्बन-१४ तारखा (नमुन्यात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेली वये) गोळा करणे, त्या कॅलिब्रेट करून, म्हणजे पंचांगी वर्षांत बदलून पाहणे आणि गुहेत माणसांचा वावर कधी होता हे सामान्य वाचकाला एका पट्टीवर दाखवणे, एवढे हे काम आहे. नवीन नमुने काढायचे नाहीत, प्रयोगशाळेत जायचे नाही. म्हणून खर्च केवळ छपाईचा येईल असा अंदाज आहे. कॅलिब्रेशनसाठी ऑक्सफर्डचा ऑक्सकॅल हा प्रोग्रॅम विनामूल्य वापरता येतो. त्याउलट कोणाला स्वतःच्या नमुन्याची तारीख काढायची असेल, तर व्यावसायिक प्रयोगशाळा एका नमुन्यामागे काही शे डॉलर घेतात, हे आधीच लक्षात ठेवावे.

शोवे निवडण्याचे कारण सरळ आहे. आर्देश नदीजवळची ही गुहा १८ डिसेंबर १९९४ रोजी जाँ-मारी शोवे, एलिएत ब्रुनेल आणि क्रिस्तियाँ इलेअर या तिघांना सापडली, तेव्हा तिचे मूळ तोंड दरड कोसळून हजारो वर्षे बंद होते. नंतरच्या काळातील शेतकरी, धनगर किंवा हौशी पर्यटक आत शिरून जमीन उकरून गेलेले नाहीत, त्यामुळे तारखांची गुंतागुंत कमी असेल असे आम्हाला वाटले.

५ जून

पहिला अडथळा गणिताचा निघाला नाही, आकड्यांच्या लेखनाचा निघाला. हाताशी असलेल्या लेखांत आणि कात्रणांत त्याच चित्रांचे वय कुठे ३०,०००, कुठे ३२,०००, तर कुठे ३६,००० वर्षे दिलेले आहे. वाचणाऱ्याला वाटावे की तज्ज्ञांमध्ये एकवाक्यता नाही. प्रत्यक्षात यांतील पहिले दोन आकडे प्रयोगशाळेने दिलेल्या कच्च्या ‘बीपी’ तारखांवरून आले आहेत आणि तिसरा कॅलिब्रेट केलेला आहे.

बीपी म्हणजे १९५० सालापूर्वीची वर्षे. परंतु ही वर्षे पंचांगातील नव्हेत. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण कायम सारखे होते असे धरून काढलेला तो आकडा असतो. ते प्रमाण सारखे नसल्यामुळे तो ज्ञात वयाच्या नमुन्यांवरून बनवलेल्या वक्ररेषेवरून दुरुस्त करावा लागतो (हेच कॅलिब्रेशन), आणि ३०,००० बीपीच्या आसपास ही दुरुस्ती चार हजार वर्षांहून अधिक भरते. शोवेच्या पहिल्या तारखा १९९५ साली प्रसिद्ध झाल्या तेव्हा इतक्या मागे पोचणारी सर्वमान्य वक्ररेषाच उपलब्ध नव्हती. इंटकॅल९८ ही वक्ररेषा २४,००० वर्षांपर्यंत, इंटकॅल०४ ही २६,००० वर्षांपर्यंत पोचली. ५०,००० वर्षांचा टप्पा इंटकॅल०९ ने गाठला आणि आज आपण वापरतो ती इंटकॅल२० ५५,००० वर्षांपर्यंत जाते. म्हणजे १९९५ मध्ये ३२,००० लिहिणाऱ्यांचे काही चुकले नव्हते. आज तोच आकडा ‘वर्षांपूर्वी’ या शब्दाला जोडून छापणाऱ्यांचे मात्र चुकते.

उपाय म्हणून तक्त्यात ‘वय’ हा एकच रकाना होता तो काढून टाकला आणि त्याजागी चार केले: कच्चा बीपी आकडा, त्याची अनिश्चितता, नमुना नेमका कशाचा होता, आणि कॅलिब्रेट केलेली मर्यादा. तिसऱ्या रकान्याचे महत्त्व तेव्हा वाटले नव्हते; पुढे सर्वाधिक वेळ त्यानेच घेतला.

६ जून

गटातील एकाने तयार केलेल्या तक्त्यातील सूत्र तपासताना सगळ्या तारखा सुमारे तीन टक्क्यांनी जास्त येत होत्या. त्याने पाठ्यपुस्तकातील ५,७३० वर्षांचे अर्धायुष्य (कार्बन-१४ निम्मा उरायला लागणारा काळ) घेतले होते. ते अर्धायुष्य अधिक अचूक आहे हे खरे. पण प्रयोगशाळा बीपी आकडा देताना संकेत म्हणून अजूनही या पद्धतीचे जनक लिबी यांचे जुने ५,५६८ वर्षांचेच मूल्य वापरतात, आणि त्यातील फरक कॅलिब्रेशनमध्ये आपोआप भरून निघतो. त्यामुळे सूत्रात अर्धायुष्यावरून येणारे सरासरी आयुष्य म्हणून ८,०३३ हा आकडा हवा, ८,२६७ नको. नाहीतर ३२,४१० चे ३३,३५० होतात आणि तीच तारीख पुन्हा वक्ररेषेवर टाकली की अर्धायुष्याची दुरुस्ती दोनदा होते.

९ जून

१९९५ च्या तारखांपैकी सहा तारखांवर काम सुरू केले. चार थेट चित्रांतील कोळशाच्या आहेत. समोरासमोर ठाकलेल्या दोन गेंड्यांपैकी उजवीकडच्या गेंड्याच्या दोन तारखा ३२,४१० ± ७२० आणि ३०,७९० ± ६००, डावीकडच्या गेंड्याची ३०,९४० ± ६१०, आणि एका बायसनची ३०,३४० ± ५७०. उरलेल्या दोन तारखा भिंतीवर मशाल घासल्याच्या खुणांच्या आहेत: २६,९८० ± ४१० आणि २६,१२० ± ४००.

उजव्या गेंड्याच्या दोन तारखांमध्ये १,६२० वर्षांचे अंतर पाहून आमच्यापैकी काहींनी लगेच ‘चित्र दोनदा काढले असेल’ असा तर्क लढवला. गटात संख्याशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत, त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो. बाईंनी तर्क ऐकून घेतला आणि आधी काय-वर्ग चाचणी (फरक केवळ मोजणीतील अनिश्चिततेमुळे आलेला असू शकतो का, हे पाहणारी) करायला लावली. दोन्ही अनिश्चितता एकत्र केल्या की ९३७ वर्षे येतात. १,६२० ला ९३७ ने भागून वर्ग केला की जवळपास ३ येतो, आणि मर्यादा ३.८४ आहे. म्हणजे दोन्ही तारखा एकाच क्षणाच्या असू शकतात.

मग चारही चित्र-तारखांची चाचणी केली. भारित सरासरी ३०,९९५ ± ३०९ आली, काय-वर्ग ५.३ आला आणि मर्यादा ७.८१ आहे. येथे आम्ही खूश होऊन ‘चारही चित्रे एकाच काळातील’ असे लिहायला निघालो होतो. बाईंनी तेही थांबवले. चाचणी उत्तीर्ण झाली याचा अर्थ चित्रे एकाच वेळची आहेत असा होत नाही. सहाशे-सातशे वर्षांच्या अनिश्चिततेची मोजपट्टी असेल तर पाचशे वर्षांचा फरक तिला दिसतच नाही, इतकाच तिचा अर्थ होतो. फलकावर ‘एकाच काळातील’ ऐवजी ‘या तारखांवरून वेगळी करता न येणारी’ असे लिहायचे ठरले. वाक्य बोजड आहे, पण खरे आहे.

मशालीच्या दोन तारखांची सरासरी २६,५३९ ± २८६ आली. दोन गटांच्या सरासरींतील अंतर सुमारे ४,४५० वर्षे आणि त्याची अनिश्चितता ४२१ वर्षे, म्हणजे अंतर अनिश्चिततेच्या दहापटीहून अधिक आहे. गुहेत माणसे किमान दोन वेगवेगळ्या काळांत येऊन गेली, हे १९९५ च्या या मोजक्या आकड्यांतूनही निघते.

११ जून

ऑक्सकॅलमध्ये तारखांचा पहिला क्रम चालवला आणि प्रोग्रॅमने जुळणीचा निर्देशांक (तारखा मांडलेल्या क्रमाशी किती जुळतात याचा आकडा) जवळजवळ शून्य दिला. तो ६० च्या वर असावा लागतो. कारण किरकोळ होते आणि उत्खननाची सवय असलेल्या प्रत्येकाची येथे फसगत होईल असे आहे. उत्खननाच्या नोंदीत वरचा, म्हणजे अलीकडचा थर आधी लिहितात; ऑक्सकॅलमध्ये सर्वांत जुने आधी लिहावे लागते. ओळी उलट केल्या आणि निर्देशांक सुधारला. यात अर्धी संध्याकाळ गेली.

१६ जून

आजची नोंद लांब होईल, कारण या कामातील खरा प्रश्न आज समोर आला.

शोवेच्या वयावर गेली अनेक वर्षे आक्षेप घेतले गेले आहेत. चित्रांतील छटा, प्राण्यांच्या हालचाली आणि खोलीचा आभास इतका प्रगत आहे की शैलीवरून ती बरीच अलीकडची असावीत, आणि म्हणून तारखांमध्ये दूषण असले पाहिजे, असा त्या आक्षेपांचा एक धागा आहे. मूळ नमुने मिलिग्रॅमच्या हिशेबातील होते, हेही खरे. तेव्हा दूषणाने तारीख किती आणि कोणत्या दिशेने हलते, हे कोणाचे मत न घेता स्वतःच तक्त्यात मांडून पाहायचे ठरवले.

३१,००० बीपी वयाच्या कोळशात मूळ कार्बन-१४ पैकी केवळ २.१ टक्के उरलेला असतो. त्यात आधुनिक कार्बन मिसळला, मग तो मातीतील ह्युमिक आम्लांचा असो, बुरशीचा असो की हाताळणाऱ्याच्या बोटांचा, तर हिशेब असा होतो: अर्धा टक्का मिसळल्यास तारीख २९,३०० च्या आसपास येते, एक टक्का मिसळल्यास २७,९०० आणि दोन टक्के मिसळल्यास २५,७००. हे आकडे पाहिल्यावर बाईंसकट आम्ही सगळे गप्प झालो. अवघ्या दीड-पावणेदोन टक्के दूषणाने चित्रांचा कोळसा मशालीच्या खुणांच्या काळात आणून ठेवता येतो. म्हणजे परवा ज्या दुसऱ्या टप्प्याबद्दल आम्ही इतके निःशंक होतो, तो केवळ अस्वच्छ नमुन्यांची सावली नाही कशावरून?

आता उलट दिशा. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे खरे मानले आणि चित्रे मुळात २६,५०० बीपीची आहेत असे धरले, तर ती ३१,००० ची दिसण्यासाठी नमुन्यात ‘मृत’ कार्बन, म्हणजे चुनखडीतील किंवा दगडी कोळशातील कार्बन-१४ नसलेला कार्बन, ४३ टक्के मिसळावा लागतो. चुनखडीच्या गुहेत चुना भरपूर आहे हे मान्य. पण कार्बोनेट आम्लात विरघळते आणि नमुना शुद्ध करण्याची पहिली पायरी आम्लाचीच असते. जवळपास निम्मा नमुना परका असूनही प्रयोगशाळेच्या लक्षात आला नाही, असे मानणे कठीण आहे. दूषणाचा हा एकतर्फीपणा कोणत्याही जुन्या नमुन्याला लागू पडतो: जुने अलीकडचे भासणे सोपे, अलीकडचे जुने भासणे अवघड. आक्षेप चित्रांच्या जुनेपणावर घेतले जातात, पण हिशेबाप्रमाणे संशय घ्यायचाच असेल तर तो अलीकडच्या तारखांवर घ्यावा लागतो.

मग दुसऱ्या टप्प्याचे काय? येथे सहा तारखांनी काम भागत नाही. २०१६ साली अनिता किल्स आणि सहकाऱ्यांनी गुहेतील २५० हून अधिक तारखा एकत्र करून प्रारूप मांडले, त्यात मानवी वावराचे दोन टप्पे निघाले: आजपासून ३७,००० ते ३३,५०० आणि ३१,००० ते २८,००० वर्षांपूर्वी, दोन्ही कॅलिब्रेट केलेल्या वर्षांत. दूषण प्रत्येक नमुन्यात सारखे नसते. कुठे पाव टक्का, कुठे दीड, कुठे काहीच नाही. दुसरा टप्पा दूषणातून निर्माण झाला असता, तर तारखा पहिल्या टप्प्यापासून अलीकडे सलग पसरलेल्या दिसल्या असत्या. मध्ये अडीच हजार वर्षांची मोकळी जागा राहिली नसती. शिवाय गुहेतील मेगासेरॉस नावाच्या दालनातील कोळशाचे तुकडे वाटून वेगवेगळ्या प्रयोगशाळांकडे देण्यात आले होते, आणि त्यांचे निकाल ३२,००० बीपीच्या जवळपास एकमेकांशी जुळले. एका प्रयोगशाळेच्या पद्धतीत खोट असती तर ती येथे उघडी पडली असती.

फलकावर हा सगळा हिशेब मावणार नाही. तरी ०.५, १ आणि २ टक्क्यांच्या तीन ओळींचा छोटा तक्ता कोपऱ्यात घ्यावा, असा माझा आग्रह आहे. गटातील काहींना तो रटाळ वाटतो. मला तो फलकातील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

२२ जून

तिसरा रकाना: नमुना नेमका कशाचा? आपण ‘चित्राचे वय’ म्हणतो तेव्हा मोजलेले असते ते लाकडाचे वय, म्हणजे झाडाचा तो भाग वाढायचा थांबला तेव्हापासूनचा काळ. शोवेतील कोळसा मुख्यतः पाइनचा आहे. झाड मरून पडल्यावर थंड, कोरड्या हवामानात ते लाकूड बराच काळ टिकू शकते आणि नंतर जळणात येऊ शकते. त्याहून अवघड शक्यता अशी की नंतर आलेल्या कोणी गुहेच्या जमिनीवर पडलेला जुन्या शेकोटीचा कोळसा उचलून त्यानेच रेघा ओढल्या असतील. बंद आणि शांत गुहेत कोळसा हजारो वर्षे जसाच्या तसा राहतो, त्यामुळे ही शक्यता केवळ कागदावरची नाही. अशा चित्राची तारीख प्रयोगशाळा कितीही अचूक काढो, ती शेकोटीची तारीख असेल.

ऑक्सकॅलमध्ये कोळशासाठी एक स्वतंत्र प्रारूप आहे, ज्यात प्रत्येक नमुना घटनेपेक्षा थोडा जुना असू शकतो असे धरून चालतात. ते लावले, निकाल काही शतकांनी अलीकडे सरकला, पण टप्प्यांच्या मांडणीत फरक पडला नाही. पुनर्वापराचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. कारण तेथे अंतर शतकांचे नसून सहस्रकांचे असू शकते.

या बाबतीत मशालीच्या खुणा चित्रांपेक्षा अधिक बोलक्या आहेत, हे लक्षात यायला वेळ लागला. मशाल विझू लागली की ती भिंतीवर घासून जळलेला भाग झाडतात आणि ज्योत पुन्हा मोठी करतात. तो कोळसा त्या क्षणी पेटलेला असतो, म्हणून लाकडाचे वय आणि माणसाची भेट यांच्यातील दुवा घट्ट असतो. त्यातही शोवेत मशालीची एक खूण चित्रावर साचलेल्या कॅल्साइटच्या (चुन्याच्या खनिजाच्या) पापुद्र्यावर आहे. आधी चित्र, मग पाणी झिरपून जमलेला पापुद्रा, मग मशाल. हा क्रम डोळ्यांनी दिसतो. तो खरा ठरण्यासाठी कार्बन-१४ ची गरजच नाही. आणि तारखाही तोच क्रम सांगतात. १६ तारखेच्या संशयाला मिळालेले हे सर्वांत समाधानकारक उत्तर आहे, आणि ते आकडेमोडीतून न येता भिंतीकडे नीट पाहणाऱ्यांकडून आले.

२९ जून

कालपटाचे अलीकडचे टोक बांधण्यासाठी गुहेचे तोंड बंद झाल्याची तारीख वापरायची होती. तोंडावरच्या कड्यातील खडक कधी उघडे पडले हे क्लोरिन-३६ या समस्थानिकावरून काढण्यात आले असून दरडी कोसळण्याच्या घटना सुमारे २९,४०० ते २१,५०० वर्षांपूर्वीच्या दरम्यान घडल्या. शेवटच्या कोसळीने तोंड पूर्णपणे बुजले. कार्बनशी काहीही संबंध नसलेली ही स्वतंत्र पद्धत आहे, म्हणून तिचे मोल जास्त. २१,५०० वर्षांपूर्वी जी गुहा बंद झाली, तिच्यात त्यानंतर कोणी चित्र काढले असणे शक्य नाही. शैलीवरून चित्रे याहून अलीकडची ठरवणारा कोणताही युक्तिवाद या दगडांपाशी येऊन थांबतो.

हा आकडा ऑक्सकॅलमध्ये भरला तेव्हा आलेख कोरा आला. प्रोग्रॅम पंचांगी तारखेच्या जागी नुसता आकडा दिसला की तो इसवी सन समजतो, त्यामुळे आमची दरड इसवी सन २१,५०० मध्ये कोसळायची होती. ‘कॅलबीपी’ असे स्पष्ट लिहून द्यावे, किंवा १९५० वजा करून इसवी सनापूर्वीचा ऋण आकडा भरावा. क्लोरिन-३६ च्या वर्षांना कार्बन-१४ च्या वक्ररेषेवरून पुन्हा कॅलिब्रेट करू नये, हेही येथेच नोंदवतो. तक्त्यात सगळे एकाच सूत्रातून ओढण्याच्या नादात तेही होऊ घातले होते.

६ जुलै

सहा तारखांचे स्वतःचे प्रारूप आज सोडून दिले. दोन टप्पे आणि प्रत्येकाची सुरुवात-अखेर अशी मांडणी केली की टप्प्याच्या सीमा दोन्ही बाजूंना हजारो वर्षे ताणल्या जातात. त्यात प्रोग्रॅमचा दोष नाही. दोन तारखांवरून टप्प्याची लांबी विचारली तर प्रामाणिक उत्तर ‘सांगता येत नाही’ असेच असणार. सीमा न बांधता नुसत्या तारखांच्या आलेखांची बेरीज केली तर चित्र सुबक दिसते, पण ते फसवे असते, कारण प्रत्येक तारखेची अनिश्चितता त्यात वावराचा काळ म्हणून गणली जाते आणि शंभर वर्षांचा वावरही दोन हजार वर्षांचा भासतो.

म्हणून फलकावरील टप्प्यांच्या सीमा २०१६ च्या प्रकाशित प्रारूपातून घ्यायच्या आणि आमच्या सहा तारखा त्या पट्टीवर ठिपके म्हणून दाखवायच्या. कॅलिब्रेट केल्यावर ३२,४१० बीपीची तारीख साधारण ३५ ते ३९ हजार वर्षांच्या दरम्यान पसरते, बायसनची ३४ ते ३६ हजारांच्या आसपास येते, आणि मशालीच्या खुणा ३०-३१ हजारांच्या जवळ. सगळे ठिपके आपापल्या टप्प्यात बसतात.

तीन आठवड्यांची मेहनत वाया गेली, असे गटात एकाने म्हटले. माझे मत वेगळे आहे. प्रारूप स्वतः मोडून पाहिल्याशिवाय २५० तारखा का लागतात हे आम्हाला कळले नसते.

१२ जुलै

‘वावर’ कोणाचा, याचा खुलासा फलकावर हवा. गुहेत गुहा-अस्वलांची हाडे विपुल आहेत आणि त्यांच्याही तारखा काढल्या आहेत. अस्वले सुमारे ३३,००० वर्षांपूर्वीपर्यंत तेथे होती. म्हणजे पहिल्या टप्प्यातील माणसे आणि अस्वले एकाच सहस्रकांत गुहा वापरत होती, बहुधा वेगवेगळ्या ऋतूंत. माणसे आत राहत नव्हती. शेकोट्या, चित्रे आणि मशालीच्या खुणा आहेत, पण घरगुती वस्तीचा पसारा नाही. म्हणून ‘वस्ती’ हा शब्द सर्वत्र बदलून ‘वावर’ केला.

१८ जुलै

छपाई. फलकाचा मजकूर आम्ही युनिकोडमध्ये दिला होता. छापणाऱ्याकडे तो जुन्या फाँटमध्ये बदलताना ‘±’ हे चिन्ह गायब झाले आणि ‘३२,४१० ± ७२०’ चे ‘३२,४१० ७२०’ असे छापून आले. मुद्रितशोधन पडद्यावर केले होते, कागदावर केले नव्हते. पुन्हा छापण्याचे १,४०० रुपये गेले. आता आकडे असलेला सगळा भाग चित्र म्हणून पाठवतो, म्हणजे त्याला कोणी हात लावू शकत नाही.

२५ जुलै

खाली मोकळी राहिलेली पट्टी महाराष्ट्रासाठी वापरायचे ठरले. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली. त्यांतील कवचाची तारीख सुमारे २५,००० बीपी आहे. पाटणे ही गुहा नाही, उघड्यावरचे स्थळ आहे. पण त्याच पट्टीवर मांडण्यास हरकत नाही, मात्र आधी ती तारीख कॅलिब्रेट करायला हवी. शोवेच्या ३६,००० शेजारी पाटण्याचे २५,००० छापले, तर दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या उंचींची तुलना केल्यासारखे होईल. इंटकॅल२० वर पाटण्याची तारीख २९,००० वर्षांच्या किंचित पलीकडे जाते, म्हणजे शोवेच्या दुसऱ्या टप्प्याच्या आत येते.

हे पाहून गटात उत्साह संचारला आणि ‘खानदेश आणि आर्देश एकाच काळात’ असे शीर्षक सुचवले गेले. ते मी घेतले नाही. एकीकडे २५० तारखांचे प्रारूप आहे, दुसरीकडे एक तारीख. शिवाय कवच हे कार्बोनेट असते. शहामृगाने चारा आणि पाण्यासोबत चुन्याचे कण गिळले असतील तर कवच खऱ्या वयापेक्षा थोडे जुने भासू शकते, आणि जमिनीत पडल्यावर बाहेरच्या कार्बोनेटशी त्याची देवघेव झाली असेल तर तारीख उलट दिशेनेही ढळू शकते. पाटण्याचा ठिपका पट्टीवर पोकळ वर्तुळाने दाखवला असून बाजूला ‘एकच तारीख’ असे लिहिले आहे. शोवेचे ठिपके भरीव ठेवले आहेत. बाईंनी अंतिम नमुना पाहिला, दूषणाचा कोपऱ्यातील तक्ता थोडा मोठा करायला सांगितला, आणि तो केल्यावर फलक छपाईला गेला.